माल माया खोटा

खुशालरावांना रस्त्यानं सरळ चालता येत नसे. पायांत खोट नव्हती, डोळ्यांत होती. अमरावतीत राजकमल चौकापासून पुढे जेवढे फलक, फ्लेक्स, पाट्या आणि रंगवलेल्या भिंती लागत, त्या प्रत्येकापुढे थांबून ते निकाल लावत. पास, नापास, आणि मन फारच मोठं झालं तर ढकलपास. एकदा एकाच सकाळी त्यांना तीन वेगवेगळ्या शिकवणी वर्गांच्या फलकांवर एकाच मुलीचा फोटो दिसला. तिन्हीकडे ती ‘आमच्या वर्गाची गुणवंत’ होती. “पोरगी हुशार हाये,” ते पानठेलेवाल्याला म्हणाले, “एकाच साली तीन ठिकाणी शिकली.” त्या तीनपैकी दोन फलक त्यांच्याच एजन्सीनं केलेले होते आणि एकाचा मजकूर स्वतः त्यांनी लिहिला होता. हेही त्यांनी पानठेलेवाल्याला सांगितलं. दुसऱ्याला नापास करताना ते घरच्यांना सोडत नसत, एवढा न्याय त्यांच्यापाशी होता. स्वतःला मात्र ते परीक्षेलाच बसवत नसत.

एजन्सीचं नाव ‘आरसा अ‍ॅडव्हर्टायझिंग’. मुख्य कार्यालय अमरावतीला, शाखा अकोल्याला, आणि मालक दोन्हीकडे मिळून एक, शेखर. खुशालराव तिथं अठ्ठावीस वर्षं मजकूर लिहीत होते. त्याआधी ते एका वर्तमानपत्रात मुद्रितं तपासायचे. चांदूर बाजारकडं घरची काळी जमीन होती, ती धाकटा भाऊ पाहायचा. खुशालराव पोळ्याला जात, बैलांपुढे हात जोडत आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं परत येत.

आरसाच्या जुन्या कामाबद्दल शेखर छातीवर हात ठेवून बोलायचा, आणि खुशालराव तेवढा वेळ छताच्या पंख्याकडं पाहायचे. कारण काम काय होतं, ते त्यांना ठाऊक होतं. बियाण्यांच्या पुड्यांवर जो हसरा म्हातारा शेतकरी दिसतो, तो आरसानं तीन कंपन्यांना विकला होता. तो बडनेऱ्याचा एक निवृत्त चौकीदार होता, त्याच्या बापजन्मी कोणी नांगराला हात लावला नव्हता. वाढदिवसाचा फ्लेक्स आणि श्रद्धांजलीचा फ्लेक्स यांचा साचा एकच. फोटो तोच, कडेची फुलं तीच, वर बसलेले नेते तेच, फक्त मधली ओळ बदलायची. माणूस जगला काय आणि गेला काय, आरसाचं काम दहा मिनिटांचं. हा साचा कोणी बसवला, असं कोणी विचारलं तर खुशालराव चष्मा पुसायला घेत.

आणि या कामापेक्षा भारी होती ती तिथली संस्कृती. शेखर तरुणपणी दीड वर्ष पुण्यात कुठलासा कोर्स करून आला होता. तेव्हापासून तो सभेत पुण्याचं बोलायचा आणि राग आला की वऱ्हाडावर यायचा. “इथं कोणी बॉस नाही” अशी मोठी पाटी त्यानं लावली होती, ती नेमकी बॉसच्या केबिनच्या दारावर. दर सोमवारी सगळ्यांनी गोल उभं राहून शेजाऱ्याबद्दल एक चांगलं वाक्य बोलायचं. खुशालराव वर्षानुवर्षं एकच बोलत, “हे वेळेवर येतात.” मग शेजारी कोणी का असेना. वर्षातून एकदा सगळी टीम चिखलदऱ्याला जायची, एका रंगाचे टी-शर्ट घालून. छातीवर छापलेलं असायचं, ‘मी म्हणजे आम्ही’. साठीच्या माणसाला त्या शर्टात दरीपुढे उभं करून फोटो काढायचे, आणि त्याला म्हणायचं जिव्हाळा.

या जिव्हाळ्याचा एक नियम होता. आरसातून निघालेल्या कोणत्याही जाहिरातीला कोणा एकाचं नाव लागत नसे. भिंतीवर फ्रेम लागो, कुठं बक्षीस मिळो, खाली लिहायचं, ‘टीम आरसा’. शेखर म्हणायचा, “आपल्याकडे कोणी एकटा मोठा नाही.” आणि मग बक्षीस घ्यायला एकटा जायचा. बक्षिसंही अशी, की ज्यानं पैसे भरून कार्यक्रमात जेवणाचं टेबल घेतलं त्याला एक ठरलेलं. खुशालराव त्या दोन शब्दांवर एवढे जळायचे, की कार्यालयात कोणी ‘टीम’ म्हटलं तरी ते खिडकीशी जाऊन उभे राहायचे. आमची टीम, आमची टीम. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय.

बाकीच्या कामाचं जाऊ द्या, त्या कचऱ्याला नाव लागलं नाही ते बरंच झालं. त्यांचं दुखणं एकाच ओळीचं होतं. चौदा वर्षांपूर्वी अकोल्याच्या ‘वैदर्भी वस्त्रालया’साठी एक ओळ गेली होती, ‘नेऊन पाहा, परत नाई आले, तं माल माया खोटा.’ ‘माया’ म्हणजे ‘माझा’, खास वऱ्हाडी. शेखरला ती ओळ आधी गावंढळ वाटली. “साडीवर वऱ्हाडी? लोक हसतील खुशालभाऊ.” खुशालराव अडून बसले. त्यातला एक शब्द हलवाल तर मी उद्यापासून येत नाही, म्हणाले. ओळ तशीच गेली आणि वऱ्हाडभर झाली. बसच्या पाठीवर लागली, ऑटोच्या भोंग्यावर वाजली, लग्नात नवरीच्या पाठवणीला लोक विनोदानं म्हणू लागले. वैदर्भीनं तिच्या जोरावर अमरावतीतही दुकान काढलं. आणि शेखर जिथं तिथं सांगू लागला, की ही ओळ त्याला अकोल्याहून येताना मुर्तिजापूरजवळ गाडीत सुचली. खुशालराव अनेकदा त्याच गाडीत असत. बोरगाव मंजू सुटलं की शेखरची मान काचेवर पडते आणि तोंड उघडतं, ते बडनेऱ्याला मिटतं. झोपेत माणसाला घोरणं सुचतं, ओळ सुचत नाही.

एक साधीशी ओळ, पण साठी उलटलेल्या माणसाला मागे वळून पाहिल्यावर तेवढीच उभी दिसत होती. बाकी सगळं फ्लेक्सासारखं उन्हात विटून गेलेलं. या ओळीखाली आपलं नाव लागलेलं पाहावं आणि मग खुशाल निवृत्त व्हावं, एवढीच त्यांची इच्छा उरली होती. “तेवढं एक झालं का मी सुटलो,” ते बायकोला, सत्यभामाबाईंना सांगत. त्या म्हणत, “आधी भाजी आणा.” घरापासून इतवारा बाजार हाकेच्या अंतरावर, खुशालराव मात्र स्कूटर काढून दूर गाडगेनगरला भाजीला जात आणि पिचलेली वांगी घेऊन येत. याचं कारण सत्यभामाबाईंनी विचारून विचारून सोडलं होतं. लहरी माणूस, म्हणून त्या गप्प बसत.

यंदा आरसाला तीस वर्षं झाली. अकोल्याला मोठा कार्यक्रम ठरला, वैदर्भीच्याच पुढाकारानं. दामिनी नावाची एक मुलगी दोन वर्षांपूर्वी आरसात आली होती, संकेतस्थळ आणि व्हिडिओ पाहायची. तिच्याकडं ‘आमचं काम’ नावाची फिल्म करायचं आलं. मुलगी रिद्धपूरची, तोंडानं स्पष्ट. सोमवारच्या गोलात ती म्हणाली, “सर, तीस वर्षांचं काम दाखवून राहिलो, तं कोणी काय केलं त्याचं नाव टाकू न. टीमला काय चेहरा असतो?” शेखरचा चेहरा पडला, पण कार्यक्रमाचं ठरवायला आलेला वैदर्भीच्या मालकाचा मुलगा तिथंच बसला होता आणि त्यानं मान डोलावली. मग शेखरलाही डोलवावी लागली. खुशालराव त्या दिवशी शेजारच्याबद्दल दोन चांगली वाक्यं बोलले.

दुपारी दामिनी त्यांच्या टेबलाशी आली. “काकाजी, वैदर्भीची ओळ. सर म्हणतात मुर्तिजापूरच्या रस्त्यावर सुचली.”

“मुर्तिजापूरच्या रस्त्यावर?” खुशालराव उसळले. अठ्ठावीस वर्षांचं साचलेलं सगळं एकदम वर आलं. “त्या रस्त्यावर त्याले काय सुचन? ते ओळ भाजीबाजारातली हाये, इतवाऱ्यातली. गाडीत बसणाऱ्या माणसाच्या तोंडात येऊच शकत नाई ते.”

दामिनीनं पेन उचललं. “म्हणजे?”

उचलली जीभ, लावली टाळ्याला. आता मागे घेता येत नव्हती. “म्हणजे मले सुचली,” खुशालराव म्हणाले. “भाजी घेताना. इतवाऱ्यात.”

“मग तिथंच शूट करू,” दामिनी म्हणाली. “तुमी भाजी घेऊन राहिले आणि सांगून राहिले, ओळ कशी आली ते. दोन मिनिटं. त्याच्याखाली तुमचं नाव टाकतो आपण. नाहीतर सरांची गाडीच राहीन फिल्ममध्ये.”

आता खरं काय ते सांगून टाकलं पाहिजे, कारण खुशालराव ते सांगणार नाहीत. ओळ त्यांना सुचली नव्हती. ती मैनाबाईची होती. मैनाबाई वलगावच्या वाटेवरच्या मळ्यातून भाजी आणून इतवाऱ्यात गोणपाटावर बसायची. वांगे, भेदरं म्हणजे टोमॅटो, सांबार म्हणजे कोथिंबीर. खुशालराव तिचं जुनं गिऱ्हाईक. येतील, वांगं उचलतील, उलटं करून देठाचे काटे पाहतील आणि मगच पिशवीत टाकतील. नवं गिऱ्हाईक दिसलं की मैनाबाई म्हणायची, “नेऊन पाहा, परत नाई आले, तं माल माया खोटा.” खुशालरावांनी हे शंभरदा ऐकलं होतं. वैदर्भीचं काम आलं आणि चार दिवस काही सुचेना, तेव्हा पाचव्या दिवशी त्यांनी ते जसंच्या तसं कागदावर उतरवलं. त्यातला एक शब्दही हलवू दिला नाही याचा ते जो अभिमान मिरवत, तो खरा होता. हलवायला त्यांचं त्यात होतं काय?

जाहिरात लागल्याच्या पहिल्या आठवड्यात ते कार्यालयातून येताना पिशवी घेऊन इतवाऱ्यात गेले. रस्त्याच्या या बाजूला असतानाच वैदर्भीचा ऑटो भोंगा लावून बाजारातून गेला. मैनाबाईनं तराजू हातात तसाच धरून मान वर केली आणि ऑटो वळेपर्यंत त्याच्याकडं पाहत राहिली. खुशालरावांनी स्कूटर वळवली. तेव्हापासून ते गाडगेनगरला भाजी घेत होते.

शेखरला चोर म्हणणाऱ्या माणसाचं हे असं होतं. त्यांना ते कळत नव्हतं असं नाही. पण त्यांनी मनाशी हिशेब लावून ठेवला होता, की बाईनं म्हटलं ते नुसतं बोलणं, आणि त्यात ओळ पाहिली ती आपण. हिरा खाणीचा की पारख्याचा, असंही ते स्वतःला विचारत, आणि उत्तरही स्वतःच देत. खाई त्याला खवखवे. नाहीतर खाणीपासून चौदा वर्षं चार मैल लांबून कोणी फिरत नाही.

नाही म्हणावं, तर नाव जात होतं. हो म्हणावं, तर इतवाऱ्यात जावं लागत होतं. चौदा वर्षं झाली, म्हातारी आता कुठली बसते, असा विचार करून ते हो म्हणाले. एखादा माणूस नसावा असं मनात आणणं आणि त्या भरवशावर इस्त्रीचा सदरा घालणं, हे फक्त नावासाठी हपापलेला माणूसच करू शकतो.

सकाळी आठला दोघं बाजारात पोहोचले. खुशालरावांनी लांबूनच एका तरुण भाजीवाल्याची गाडी पसंत केली. दामिनीला ती पसंत पडेना. ती मोबाइल डोळ्यांपुढे धरून फिरत राहिली आणि एका ताडपत्रीखाली थांबली. “काकाजी, इकडं या. ह्या आजीपाशी उजेड चांगला हाये. वांगेबी मस्त दिसून राहिले.”

आजी मैनाबाईच होती. आकसून निम्मी झालेली, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा. तिनं खुशालरावांकडं पाहिलं आणि इतर गिऱ्हाइकांकडं पाहावं तसं नजर खाली केली. ओळखलं नाही. खुशालरावांचा जीव भांड्यात पडला. दामिनी म्हणाली, “काकाजी, वांगं घ्या हातात, मी सुरू केलं.” खुशालरावांनी वांगं उचललं आणि चाळीस वर्षांच्या सवयीनं ते उलटं करून देठ पाहिलं.

“देठ पाहून राहिले म्हणजे तुमीच,” मैनाबाई म्हणाली. “खुशालभाऊ न?”

“हाव,” खुशालराव म्हणाले.

“मले वाटलं तुमी गाव सोडलं. मायी नात झाली त्या साली शेवटचे आले होते. नात आता नववीत हाये.”

“काम होतं जरा.”

चौदा वर्षं जरा काम होतं. दामिनीनं मोबाइल न हलवता विचारलं, “आजी, ‘परत नाई आले, तं माल माया खोटा’ हे तुमी आयकलं का?”

“आयकलं?” मैनाबाई हसली. “मीच म्हनो न, माय. माया मायपासून शिकली होती. मंग त्या साडीवाल्याचा भोंगा फिराले लागला. गिऱ्हाईक मले हासे. म्हणे, बाई, तू साडीवाल्याची नक्कल करून राहिली. मंग सोडून देलं मी. आता नाई म्हणत.”

दामिनीनं मोबाइलच्या वरून खुशालरावांकडं पाहिलं. खुशालराव वांग्याकडं पाहत होते.

“ते जाऊ द्या,” मैनाबाई म्हणाली. तिला त्या ओळीचं काही पडलेलंच नव्हतं. “मले एक सांगा भाऊ. शेवटच्या रोजी तुमी दोन किलो वांगे नेले होते. घरी पाहुणे हायेत म्हणे. मंग आलेच नाई. किडके निंगाले होते का?”

“नाई.”

“कडू निंगाले?”

“नाई जी. चांगले होते.”

“मंग परत काहून आले नाई?”

खुशालरावांनी हातातलं वांगं तराजूत ठेवलं. मैनाबाई पुढे बोलू लागली. “मी लय दिवस इचार केला. देठ पाहून घेणारं एवढं जुनं गिऱ्हाईक तुटलं, म्हणजे मालच खोटा असन. माया मायकडचं बेणं होतं ते, लग्नात आणलेलं. पोरगा मागंच लागला होता, कंपनीचं आणू म्हणे. मी नाई म्हनो. तुमी आले नाई, मंग म्हणलं, आण बाप्पा. जुनं बेणं संपलं ते संपलं.” तिनं मागच्या टोपलीतून एक रिकामी पुडी काढून दाखवली. “हे घ्या, हे लावतो आता. बरे येतात, पण चव नाई.”

पुडीवर बडनेऱ्याचा चौकीदार फेटा बांधून हसत होता.

मैनाबाईनं अर्धा किलो वांगी तोलून पिशवीत टाकली. तेव्हाही तिनं पूर्वीसारखं काही म्हटलं नाही. “येत जा,” एवढंच म्हणाली, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळली.

दोघं स्कूटरपाशी आले. दामिनीनं मोबाइल पर्समध्ये टाकला. तिच्या आवाजात राग नव्हता, तो असता तर खुशालरावांना बरं वाटलं असतं. “काकाजी, ओळीखाली काय लिहू? तुमी सांगान ते लिहीन.”

खुशालरावांनी बराच वेळ किल्ली शोधली. ती हातातच होती.

“टीम आरसा लिही,” ते म्हणाले.

“आणि आजीचा व्हिडिओ?”

“उजेड बरोबर नव्हता,” खुशालराव म्हणाले. “राहू दे.”

घरी सत्यभामाबाईंनी पिशवी उघडून पाहिली. “अजी, आज बरे वांगे भेटले. कुठचे हायेत? उद्यापासून तिथूनच आणत जा.” खुशालराव हात धुवायला निघून गेले. त्या आठवड्यात भाजी संपली, तेव्हा त्यांनी पुन्हा गाडगेनगरचाच रस्ता धरला.

अकोल्याचा कार्यक्रम झोकात झाला. सगळे टी-शर्टात. फिल्ममध्ये प्रत्येक कामाखाली नाव होतं. हसऱ्या म्हाताऱ्याखाली, चिखलदऱ्याच्या फोटोखाली, अगदी श्रद्धांजलीच्या साच्याखाली सुद्धा. तिथं दामिनीनं ‘खुशालराव’ असं ठसठशीत लिहिलं होतं. वैदर्भीची ओळ आली, तिच्याखाली मात्र ‘टीम आरसा’. शेखरनं आधी डोळे बारीक करून ते वाचलं, मग त्याचा चेहरा खुलला. त्यानं माईक घेतला, मुर्तिजापूरचा रस्ता सांगितला, संध्याकाळचं ऊन सांगितलं, आणि शेवटी छातीवर हात ठेवून म्हणाला, “पण मी कधीच म्हटलं नाही की ही ओळ माझी. ती टीमची आहे.” टाळ्या पडल्या. खुशालरावांनी पण वाजवल्या. त्यांच्या रांगेत एकट्या दामिनीचे हात मांडीवर होते.

चहाच्या वेळी शेखर मुद्दाम त्यांच्याजवळ आला आणि त्यानं त्यांच्या खांद्यावर हात टाकला. “खुशालभाऊ, नावासाठी भांडाल असं वाटलं होतं मला. अठ्ठावीस वर्षं लागली, पण शेवटी तुम्हाला टीम म्हणजे काय ते कळलं.”

“हाव,” खुशालराव म्हणाले. “कळलं.”

परतीच्या गाडीत बोरगाव मंजू सुटलं आणि शेखरची मान काचेवर पडली. मुर्तिजापूरच्या अलीकडे वैदर्भीचा जुना फलक लागतो, त्यावर ती ओळ अजून वाचता येते. इतकी वर्षं येता-जाता खुशालराव त्या एकाच फलकाला मोठ्यानं ‘पास’ म्हणत आले होते. त्या दिवशी फलक आला आणि मागे गेला. खुशालराव डोळे मिटून बसले होते. झोप काही लागली नव्हती.